गर्भपिशवी काढल्यानंतर: भुलीतून जागं होण्यापासून डिस्चार्जपर्यंत

गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा होते ती डॉक्टर कोण, खर्च किती, रजा कधी आणि मागे घराचं कोण बघणार याची. टेबलावरून वॉर्डात परत आल्यावर काय काय होणार, हे मात्र बहुतेक बायकांना कुणी नीट सांगत नाही. मग हाताची सलाईन, लघवीची नळी, खांद्यात उठणारी कळ, यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी बिघडल्यासारखी वाटते. स्त्रीरोग वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना एक गोष्ट सतत दिसत राहिली. दात आवळून सोसत पडलेल्या बाईपेक्षा ‘दुखतंय’, ‘मळमळतंय’, ‘पॅड भिजलंय’ असं वेळेवर बोलणारी बाई लवकर सावरते. सोसण्याचं आपल्याकडे कौतुक फार, पण वॉर्डात त्याचा काडीचा उपयोग नाही.

इथे जे लिहिलंय ते गाठी, जास्तीचा रक्तस्राव, अंग बाहेर येणं अशा कारणांसाठी होणाऱ्या नेहमीच्या ऑपरेशनबद्दल आहे. कॅन्सरसाठीचं ऑपरेशन मोठं असतं, तिथले नियम आणि दिवस वेगळे. आणि तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, कारण तुमचं पोट त्यांनी आतून पाहिलेलं असतं.

आदल्या दिवशी विचारायचं आणि पिशवीत भरायचं

तीन प्रश्नांची उत्तरं टेबलावर जाण्याआधी माहीत हवीत. पहिला, ऑपरेशन कुठून होणार: पोटावर चीर देऊन, खालून योनिमार्गातून, की दुर्बिणीने? दुर्बिणीने किंवा खालून झालं तर बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाता येतं, पोटावर चीर असेल तर तीन ते पाच दिवस धरून चाला. दुसरा, नक्की काय काढणार? फक्त गर्भपिशवी, की तिचं तोंड, बीजवाहक नळ्या आणि ओव्हरी (अंडाशय) हेसुद्धा? ‘सगळंच काढून टाका’ हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून सहज निघतं. पण पाळी अजून चालू असलेल्या बाईच्या दोन्ही ओव्हरी काढल्या की रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि त्याचे परिणाम हाडांवर आणि हृदयावरही होतात. सही करण्याआधी हा मुद्दा स्वतः बोलून घ्या. तिसरा प्रश्न भूलतज्ज्ञांना: पूर्ण भूल की पाठीतली? त्यांना बीपी, साखर, थायरॉइड, दमा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढेसुद्धा, आणि आधी एखाद्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर तिचं नाव सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे काही दिवस आधीच विचारावं लागतं.

बॅगेत पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या आणि कमरेपर्यंत येणाऱ्या निकर, साधे सॅनिटरी पॅड, न घसरणाऱ्या सपाट चपला, एक छोटी उशी आणि प्यायला वाकडी होणारी नळी. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून गाऊनच बरा. टॅम्पॉन किंवा कप पुढचे बरेच आठवडे अजिबात नाही. नेलपॉलिश घरीच काढा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्यातून नीट वाचत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ काढून घरच्यांकडे द्या. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारी उपकरणं असतात आणि सलाईनमुळे बोटं सुजतात. मंगळसूत्र काढायला जीव तुटतो काहींचा. सासूबाईंना आदल्या दिवशीच समजावून ठेवलं तर ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारात वाद होत नाही.

शुद्धीवर येताना

पूर्ण भुलीतून उठताना पहिल्यांदा ऐकू येतं. ‘डोळे उघडा, जीभ बाहेर काढा, मान उचला’ असं भूलतज्ज्ञ मोठ्याने सांगत असतात. तुम्ही तसं करता, आणि पुढे त्यातलं काहीच आठवत नाही. बऱ्याच जणींना वाटतं आत्ता तर झोपवलं, अजून सुरू व्हायचंय. झालेलं असतं सगळं.

तिथून तुम्हाला रिकव्हरी रूममध्ये ठेवतात, साधारण तास-दोन तास. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दंडाला दर काही मिनिटांनी फुगणारा बीपीचा पट्टा, छातीला चिकटवलेल्या वायरी, यंत्राची टिकटिक. थंडी वाजून दात कडकडतात, तो ताप नसतो. ओटी थंड असते आणि भुलीमुळे शरीराचं तापमान घसरतं. ब्लँकेट मागा. घसा खरखरतो कारण ऑपरेशनमध्ये श्वासासाठी घशातून नळी घातलेली असते, एक-दोन दिवसांत तो ओसरतो. मळमळ आली तर उलटी होईपर्यंत थांबू नका. उलटीने पोटाला बसणारा हिसका फार दुखतो आणि मळमळीवरचं इंजेक्शन तयार असतं. ज्यांना बस लागते त्यांना भुलीनंतर मळमळ जास्त होते, हे आधीच सांगून ठेवलं तर औषध आधीच देतात.

जोराची लघवी लागल्यासारखं वाटतं आणि बाई उठायला बघते. उठू नका, जोरही लावू नका. मूत्राशयात नळी आहे आणि तिच्या टोकाच्या छोट्या फुग्यामुळे ती भावना होते. असह्य झालं तर सांगा, त्यावरही औषध आहे.

वॉर्डात आल्यावर नातेवाईक खाटेभोवती उभे राहून ‘बोल ना, ओळखलंस का?’ सुरू करतात. पेशंटला झोपू द्या. अर्धवट गुंगीत असलेल्या बाईच्या तोंडात चमच्याने पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने पुसा, आणि पाणी कधी द्यायचं ते सिस्टरला विचारा.

पाठीत भूल दिली असेल तर

यात तुम्ही जाग्या असता किंवा हलक्या गुंगीत. ऑपरेशननंतर कमरेखालचं शरीर आपलं नाहीच असं काही तास वाटतं. आधी बोटं हलतात, मग पाऊल, मग गुडघा. बहुधा दोन ते सहा तासांत संवेदना परत येते. तोपर्यंत पायावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही. नाकाला आणि अंगाला खाज सुटली तर घाबरू नका, भुलीबरोबर दिलेल्या वेदनाशामकाने ती होते.

‘२४ तास डोकं उचलायचं नाही’ हा नियम अजून बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. सपाट पडून राहिल्याने पाठीतल्या भुलीची डोकेदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि हल्लीच्या बारीक सुयांमुळे ती डोकेदुखी तशीही कमी झाली आहे. भूलतज्ज्ञ उठायला हो म्हणाले की उठा. मात्र एक-दोन दिवसांनी बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर डोकं फुटतंय असं वाटलं आणि आडवं होताच बरं वाटलं, तर ती डोकेदुखी वेगळी आहे. चहा-क्रोसिनवर भागवू नका, भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा. आणि हो, जन्मभराची कंबरदुखी या सुईमुळे लागते हा समज खरा नाही. टोचल्याची जागा काही दिवस दुखते, एवढंच.

पहिली रात्र आणि दुखणं

पहिली रात्र सगळ्यात लांब वाटते. दर थोड्या वेळाने कुणीतरी बीपी, नाडी, ताप बघायला येतं, लघवीची पिशवी मोजतं, पॅड बघतं. झोपमोड होते, पण आत रक्तस्राव होत असेल तर तो पहिल्यांदा नाडी आणि बीपीतच कळतो. त्यामुळे सिस्टर वारंवार येत असेल तर वैतागू नका. रात्रभर कुणी फिरकलंच नाही, तर मात्र नातेवाइकांनी जाऊन बोलवावं.

दुखण्याबद्दल एक साधा नियम आहे: दुखणं डोक्यावर चढण्याआधी औषध. पहिले दोन दिवस वेदनाशामक ठरलेल्या वेळी घ्यायचं, दुखलं तरच घ्यायचं असं नाही. ‘० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं, तुमचं किती?’ असं विचारलं की आमच्याकडच्या बायका ७ असताना ३ सांगतात. खरा आकडा सांगा. दुखत असलेली बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही, आणि मग छातीत कफ, पोटात गॅस, पायात गुठळी यांना वाट मिळते. जास्त इंजेक्शनांनी सवय लागेल ही भीती या तीन-चार दिवसांपुरती सोडून द्या. उठायचं असेल किंवा ड्रेसिंग बदलायचं असेल तर अर्धा तास आधी औषध मागा.

घरून आणलेली क्रोसिन पर्समधून काढून मात्र खाऊ नका. सलाईनमधून जे सोडतात तेही बहुतेक वेळा पॅरासिटामॉलच असतं आणि मात्रा दुप्पट होते. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाआधी तो पुन्हा एकदा बोलून दाखवा. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तुमची फाईल वाचलीच असेल असं धरून चालू नका.

दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्यांना खांदा दुखतो, बहुधा उजवा. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला थोडा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली राहतो आणि तिथली शीर खांद्याशी जोडलेली असल्याने कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते. चालल्याने आणि हलक्या शेकाने बरं वाटतं. खांद्याबरोबर छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर ते गॅसचं समजून गप्प बसू नका.

नळ्या: कुठली कशासाठी

लघवीची नळी बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी काढतात. अंग बाहेर येऊ नये म्हणून टाके घातले असतील किंवा मूत्राशयाला इजा झाली असेल तर जास्त दिवस राहते. पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली टांगलेली हवी, पण फरशीवर टेकवायची नाही आणि पेशंटला हलवताना खाटेवरही ठेवायची नाही. नळी मांडीखाली दुमडली तर लघवी अडते. पिशवीत बराच वेळ काहीच जमलं नाही, किंवा लघवी लालभडक दिसली, तर लगेच सांगा.

खालून ऑपरेशन झालं असेल तर योनिमार्गात गॉजची लांब पट्टी भरून ठेवतात, ती बहुधा २४ तासांच्या आत काढतात. काढताना विचित्र ओढल्यासारखं वाटतं, पण काम काही सेकंदांचं असतं. पोटाच्या बाजूला ड्रेनची नळी असेल तर त्यात लालसर पाणी येणं अपेक्षित आहे, आणि ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं.

लघवीची नळी काढल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि याकडे वॉर्डात फार दुर्लक्ष होतं. चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी. पहिल्या एक-दोन वेळा जळजळते, हरकत नाही. पण लागल्यासारखं वाटून येतच नाही, किंवा थेंब-थेंब सारखी येते, तर मूत्राशय भरून तटलेलं असू शकतं. ‘होतेय थोडी थोडी’ हे उत्तर अपुरं आहे. लघवी मगमध्ये किंवा बेडपॅनमध्ये करून किती झाली ते दाखवा. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकणं, किंचित पुढे वाकून बसणं, घाई न करणं, हे उपाय जुने आहेत पण चालतात. बाहेर नातेवाईक उभे असताना लघवी होत नसेल तर त्यांना खुशाल बाहेर काढा.

पहिल्यांदा उठणं

दुर्बिणीने झालं असेल तर त्याच संध्याकाळी, पोटावर चीर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठवतात. पूर्वी आठ-आठ दिवस झोपवून ठेवायचे. आता लवकर उठवतात, कारण झोपून राहण्यानेच जास्त नुकसान होतं.

पद्धत अशी. आधी खाटेवरच पावलं वर-खाली हलवा. गुडघे वाकवा, एका कुशीवर वळा. छोटी उशी टाक्यांवर धरा. दोन्ही पाय खाटेखाली सोडता सोडता कोपराने आणि हाताच्या रेट्याने वर या. सरळ पाठीवरून उठायला गेलात तर सगळा ताण पोटावर येतो. मदत करणाऱ्याने दोन्ही हात धरून ओढायचं नाही. ही चूक आपल्याकडे प्रत्येक वॉर्डात रोज होते. पाठीमागून आणि खांद्याखालून आधार द्यायचा. खाटेच्या कडेला निदान पाच मिनिटं बसा. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, तर परत आडव्या व्हा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. मग उभ्या राहा, शेजारी माणूस हवाच.

टाके तुटतील या भीतीने बायका कमरेत वाकून चालतात आणि मग पाठ धरते. सरळ उभ्या राहा. पोटाच्या भिंतीचे टाके थरांमध्ये घातलेले असतात, सावकाश चालण्याने ते तुटत नाहीत. पहिल्यांदा खाटेपासून खुर्चीपर्यंत, मग बाथरूमपर्यंत, मग वॉर्डाच्या टोकापर्यंत. दिवसातून एकदाच लांब चालण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा बरं. बाथरूमची आतून कडी लावू नका.

उठल्यावर खालून एकदम रक्त आल्यासारखं वाटतं. झोपून असताना साठलेलं ते असतं बहुधा. थोडं येऊन थांबलं तर ठीक.

श्वास, खोकला आणि पोटऱ्या

तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र हातात देतात. त्यात फुंकायचं नसतं. श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या आणि क्षणभर धरायच्या. निम्मे पेशंट त्यात जोर लावून फुंकर मारतात आणि गोळ्या हलत नाहीत म्हणून यंत्र बिघडलंय असं सांगतात. जागं असताना तासातासाला आठ-दहा वेळा करा. खोकला आला तर दाबू नका. उशी टाक्यांवर घट्ट धरून खोका. कफ बाहेर पडला पाहिजे.

पोटरीत रक्ताची गुठळी होणं हा या ऑपरेशननंतरचा गंभीर धोका. म्हणून पावलांचे व्यायाम, लवकर चालणं, काहींना घट्ट मोजे, आणि वजन जास्त असेल किंवा धोका जास्त असेल तर पोटाच्या कातडीखाली द्यायचं छोटं इंजेक्शन. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजला, पोटरी कडक होऊन दुखायला लागली तर डॉक्टरांना दाखवा. आणि अशी पोटरी चेपू नका. आई, मुलगी, नणंद प्रेमाने पाय चेपायला बसतात, पण आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाएकी धाप, छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, यातलं काहीही झालं तर बेल दाबून वाट बघू नका, ओरडून बोलवा.

खाणं, वारा आणि संडास

‘वारा सरला का?’ हा राउंडवरचा ठरलेला प्रश्न. लाजून ‘नाही’ म्हणणाऱ्यांना उगाच उपाशी राहावं लागतं, म्हणून खरं सांगा. पूर्वी वारा सरेपर्यंत तोंडाने काहीच देत नसत. साध्या ऑपरेशननंतर पहिल्या २४ तासांत हलकं खायला सुरुवात करणं सुरक्षित आहे असं आता मानतात, आणि बरेच डॉक्टर काही तासांतच घोट-घोट पाणी, मग चहा-बिस्किट चालू करतात. आतड्याला चिकटलेलं काही सोडवावं लागलं असेल तर थांबायला सांगतील, तेव्हा हट्ट करू नका. पाणी पचलं की नारळपाणी, तांदळाची पेज, वरणाचं पाणी, मऊ भात, मग घरचं नेहमीचं. च्युइंगम चघळल्याने आतडी लवकर हलायला लागतात. डॉक्टर हो म्हणाले तर खुशाल चघळा.

भाताने टाके पिकतात, वांग्याने पिकतात, बटाट्याने पिकतात, आंबट खाल्लं की पू होतो: वॉर्डात डबा घेऊन येणारी प्रत्येक मावशी यातलं काही ना काही सांगते. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि साखर वाढलेली असेल तर जास्त. भाताचा त्यात काही दोष नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून वरण, मूग, अंडं, दही, पनीर, मासे, जे घरात खातात ते सगळं चालतं. मधुमेह असेल तर भेटायला येणाऱ्यांचा पेढा मात्र नको.

पोट फुगून टणक झालं, वारा सरत नाही आणि वर उलट्या, हे तिन्ही एकत्र आलं तर आतडी सुस्त झाली आहेत किंवा अडलं आहे. हे घरगुती ओव्याने सोडवायचं काम नव्हे.

पहिला संडास दोन ते चार दिवसांनी होतो. वेदनाशामकांमधली काही औषधं बद्धकोष्ठ करतात. कुंथायचं नाही. लॅक्टुलोज किंवा इसबगोल डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे सुरुवातीपासूनच घ्या, पाणी भरपूर प्या. भारतीय पद्धतीच्या संडासात खाली बसणं-उठणं पहिले दिवस फार अवघड जातं. घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवा. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घेतला की जोर कमी लागतो.

रक्तस्राव आणि टाके

पाळी यापुढे येणार नाही, पण खालून लालसर, मग तपकिरी स्राव काही आठवडे येऊ शकतो. योनीच्या आतल्या टोकाला विरघळणारे टाके असतात. ते सुटताना मध्येच थोडा स्राव वाढतो, कधी दोऱ्याचा तुकडा पडतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला तर सांगायचं. वॉर्डात असेपर्यंत पॅड टाकण्याआधी सिस्टरला दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही दिवसभर तेच बघतो.

पहिल्या दिवशी हलका ताप येऊ शकतो. त्यानंतर १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला तर कारण शोधावं लागतं. जखमेभोवती लाली, गरमपणा, पू, टाक्यांमधून पाणी, हे रोज बघायचं. चिरेभोवतीची कातडी काही महिने बधिर राहते, ते नेहमीचंच. पोटपट्टा बांधल्याने आधार वाटत असेल तर उठताना बांधा. तो न बांधल्याने पोट सुटतं असं काही नाही. क्लिपा किंवा न विरघळणारे टाके असतील तर बहुधा सात ते दहा दिवसांनी काढतात.

रडू येतं तेव्हा

साधारण तिसऱ्या दिवशी, भेटायला आलेले गेल्यावर, कारण नसताना रडू येतं. झोप नाही, अंग दुखतंय, औषधांची गुंगी, आणि आत कुठेतरी ‘आता मी पूर्ण बाई राहिले नाही’ ही भीती. काहींना उलट फार हलकं वाटतं, वर्षानुवर्षांचा रक्तस्राव थांबलेला असतो. दोन्ही खरं. नवऱ्याला एक गोष्ट डॉक्टरांसमोरच स्पष्ट कळलेली बरी: पिशवी काढल्याने संबंध कायमचे बंद होत नाहीत, काही आठवडे थांबावं लागतं.

दोन्ही ओव्हरी काढल्या असतील तर काही दिवसांतच अंगातून गरम वाफा, रात्री घाम, चिडचिड सुरू होऊ शकते. वय ४५ च्या आत असेल तर हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल डिस्चार्जच्या आधीच विचारा. घरी गेल्यावर हा विषय मागे पडतो तो पडतोच.

डिस्चार्ज

स्वतःच्या पायाने चालणं, नेहमीचं खाणं, लघवी मोकळी होणं, ताप नसणं, आणि दुखणं गोळीवर आटोक्यात असणं, एवढं झालं की घरी जायला हरकत नसते. संडास झालाच पाहिजे अशी अट नसते.

कागद हातात घेताना डिस्चार्ज कार्डावर नक्की काय काय काढलं हे स्पष्ट लिहिलंय का बघा: पिशवी, तोंड, नळ्या, ओव्हरी, एकेक. पुढची पंचवीस-तीस वर्षं प्रत्येक डॉक्टर हे विचारणार आहे, आणि ‘मोठं ऑपरेशन झालंय’ या उत्तराने कुणाचंच भागत नाही. गोळ्या कुठल्या, किती दिवस, बंद केलेल्या जुन्या गोळ्या परत कधी, टाके कधी, रात्री काही झालं तर फोन कुठे, हे लिहून घ्या.

कॅशलेस विमा असेल तर डिस्चार्जचा दिवस वाट बघण्यातच जातो. विमा नियामक संस्थेच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाची विनंती आल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे, आणि त्याहून उशिरामुळे वाढलेलं बिल कंपनीने सोसायचं आहे. काउंटरवर हे माहीत असलेलं बरं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल आणि कुणी वेगळे पैसे मागितले, तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा.

घरी जाताना रिक्षापेक्षा गाडी बरी. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी घ्या. लांबचा प्रवास असेल तर तास-दीड तासाने उतरून चार पावलं चाला.

घरचे पहिले सहा आठवडे

चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही: भरलेला हंडा, गॅसचं सिलिंडर, नातवंड, पिळलेल्या कपड्यांची बादली. जिना सावकाश चढा. संबंध सहा ते आठ आठवडे नाहीत, आणि तेही तपासणीनंतर. आतले टाके पूर्ण भरण्याआधी घाई केली तर ती जागा उघडू शकते. दुचाकीची किक आणि खड्डे दोन्ही टाळा. नळी निघाल्यानंतर, लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम दुखत नसेल तर सुरू करता येतो.

हे सगळं लिहायला सोपं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या या ऑपरेशनांची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणीतल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या बाईला सहा आठवडे मोळी उचलू नको म्हणणं म्हणजे काय, हे मुकादमाला आणि नवऱ्याला बसवून डॉक्टरांनीच सांगायला हवं. आणि कमी वयात कुणी घाईने पिशवी काढायला सांगत असेल तर ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

घरी आल्यावर धो-धो रक्तस्राव, ताप, पाय सुजणं, धाप, न थांबणाऱ्या उलट्या यांसाठी लगेच फोन करायचा. आणखी एक लक्षण बायका लपवतात: आठ-पंधरा दिवसांनी योनीतून सतत पाण्यासारखं गळणं, कपडे ओले राहणं. ते ‘अंगावरचं पांढरं’ नसून लघवी असू शकते, म्हणजे मूत्राशयाला किंवा त्याच्याकडे येणाऱ्या नळीला इजा झालेली असू शकते. जितक्या लवकर कळेल तितकं दुरुस्त करणं सोपं.

राहिला बायोप्सीचा रिपोर्ट. ऑपरेशननंतर ट्रेमधली पिशवी नातेवाइकांना दाखवायची पद्धत आपल्याकडे आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये कधी ती औषधाच्या पाण्याच्या बरणीत घालून लॅबमध्ये पोहोचवायलाही तुमच्याच माणसाला सांगतात. ती पोहोचली का, पावती कुणाकडे आहे, हे त्याच दिवशी पक्कं करा. रिपोर्ट यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. टाके काढायला जाल तेव्हा तो डॉक्टरांकडून वाचून घ्या. पिशवीचं तोंड ठेवलं असेल, किंवा त्यात काही बदल सापडले असतील, तर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी पुढेही करत राहावी लागते, ती किती वर्षांनी ते विचारा. मूळ रिपोर्ट डिस्चार्ज कार्डाबरोबर स्वतःच्या फाईलमध्ये लावा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून मुलीला किंवा बहिणीला पाठवून ठेवा.